वेगाने चार्जिंग आणि उष्णतेचा हिशेब

रोहा तालुक्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ‘चार्जिंग’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. रिअॅक्टर म्हणजे ज्या बंद पात्रात रासायनिक अभिक्रिया घडवून आणतात ते पात्र, आणि त्यात कच्चा माल ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या गतीने सोडणे म्हणजे कारखान्याच्या भाषेतले चार्जिंग. पाळी संपवून गेटबाहेर पडलेला तोच कामगार चहाच्या टपरीवर ‘जरा चार्जिंगला लावतो’ म्हणतो तेव्हा त्याला मोबाइलची बॅटरी अभिप्रेत असते. हे दोन अर्थ वरवर दिसतात तितके परस्परांपासून दूर नाहीत. मोबाइल वेगाने चार्ज केल्याने बॅटरी बिघडते काय, ती पेट घेते काय, हा आज घरोघरी विचारला जाणारा प्रश्न रिअॅक्टर चालवणाऱ्या माणसापुढे रोज असलेल्या प्रश्नाचेच लहान रूप आहे: माल किती वेगाने सोडावा, त्यातून किती उष्णता निघेल, ती उष्णता तितक्याच वेगाने बाहेर काढता येईल का, आणि सोडलेला माल आत खरोखर खपतो आहे की नुसताच साचतो आहे.

बॅटरीत काय घडते हे समजण्यासाठी याच परिसरातील दुसरे एक ठिकाण उपयोगी पडते. कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला भिरा येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ पासून चालू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील मुळशी जलाशयाचे पाणी तेथे खाली येऊन वीज निर्माण करते, आणि पुढे उभारलेला १५० मेगावॅटचा संच, विजेची मागणी कमी असेल तेव्हा, खालचे पाणी पंपाने परत वर चढवू शकतो. लिथियम-आयन बॅटरीत पाण्याच्या जागी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात. वापरात असताना ते ग्राफाइटच्या पातळ थरांतून निघून कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडने बनलेल्या दुसऱ्या टोकाकडे जातात आणि त्या प्रवासात फोनला वीज मिळते. चार्ज करताना बाहेरून ऊर्जा लावून त्यांना उलट दिशेने, ‘चढावर’, ग्राफाइटमध्ये परत नेऊन बसवावे लागते. दोन टोकांच्या मध्ये आयनांना वाहून नेणारा द्रव असतो, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात, आणि दोन्ही टोके एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सूक्ष्म छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो सेपरेटर. हा इलेक्ट्रोलाइट ज्या सेंद्रिय द्रावकांपासून बनतो ते ज्वालाग्राही आहेत, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावी लागते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीकडे विजेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय असली तरी ती मूलतः रसायनशास्त्राची वस्तू आहे, याची ती एक अधिकृत पावतीच म्हणावी लागेल.

चार्जिंगचा वेग मोजण्याची नेहमीची पद्धत वॅटची आहे, आणि व्होल्टने अँपिअरला गुणले की वॅट मिळतात. सुरुवातीच्या स्मार्टफोनसोबत मिळणारा चार्जर ५ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे ५ वॅटचा असे. आजच्या ५००० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, तेव्हा त्या जुन्या चार्जरला ती भरायला वाटेतली गळती धरून चार तासांहून अधिक वेळ लागेल. २०१३-१४ च्या सुमारास क्वालकॉमचे ‘क्विक चार्ज’ आणि ओप्पोचे ‘व्हूक’ या पद्धती आल्या, पाठोपाठ यूएसबीच्या नव्या मानकाने मोठ्या शक्तीची वाट मोकळी केली, आणि २०२३ मध्ये २४० वॅटचा फोनही विक्रीला आला. बॅटरीच्या शास्त्रज्ञांना मात्र वॅटपेक्षा दुसरे माप महत्त्वाचे वाटते. बॅटरी तिच्या पूर्ण क्षमतेइतकी एका तासात भरणारा प्रवाह म्हणजे १ सी. अर्ध्या तासात भरणारा २ सी. हे माप बॅटरीच्या आकाराच्या तुलनेत घाई किती आहे ते सांगते, म्हणून लहान बॅटरीला ३० वॅट जड जातील आणि मोठ्या बॅटरीला ते हलके वाटतील.

जाहिरातीतला आकडा सुरुवातीच्या काही मिनिटांचाच असतो, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. चार्जिंगचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात प्रवाह मोठा व जवळपास स्थिर असतो आणि बॅटरीचा विद्युतदाब हळूहळू चढत जातो. दाब ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे रसायनानुसार ४.२ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान, पोहोचला की दुसरा टप्पा सुरू होतो, ज्यात दाब तेवढाच धरून ठेवून प्रवाह कमी कमी करत नेला जातो. म्हणूनच निम्मी बॅटरी झटकन भरते आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. उष्मादायी अभिक्रिया, म्हणजे घडताना स्वतःच उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया, चालवणाऱ्या धाटावच्या ऑपरेटरला या वेळापत्रकात नवे काही दिसणार नाही. बॅच संपत आली की ‘अॅडिशन’ (माल सोडणे) हळू करण्यात त्याचा निम्मा अनुभव खर्च होतो.

उष्णता येते कोठून, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक बॅटरीला आतला विद्युतरोध असतो, आणि त्या रोधातून प्रवाह वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल एखाद्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०४ ओहम धरला, तर २ अँपिअरला ०.१६ वॅट उष्णता निघेल आणि १० अँपिअरला ४ वॅट. वेग पाचपट झाला, उष्णता पंचवीसपट. रिअॅक्टरभोवती थंड पाण्याचे किंवा मिठाच्या थंड द्रावणाचे जॅकेट असते, कूलिंग टॉवर असतो, चिलर असतो; फोनला यातले काहीच नाही, त्याची पाठ आणि बाहेरची हवा एवढेच त्याचे थंडावण्याचे साधन आहे. म्हणून वेगवान चार्जिंगच्या अभियंत्यांनी आपली बरीचशी बुद्धी उष्णता कमी निर्माण व्हावी आणि झालीच तर ती बॅटरीपासून दूर निर्माण व्हावी, यावर खर्च केली आहे. एका पद्धतीत चार्जर अधिक दाबाने, ९ किंवा १२ व्होल्टने, वीज पाठवतो आणि फोन ती आत उतरवून घेतो, त्यामुळे उतरवण्यातली उष्णता फोनच्या पोटातच राहते. दुसऱ्या पद्धतीत दाब उतरवण्याचे काम चार्जरमध्येच उरकून मोठा प्रवाह जाड तारेने थेट बॅटरीकडे नेतात, त्यामुळे भिंतीवरचा चार्जर तापतो आणि फोन तुलनेने थंड राहतो. चार्जर कोमट लागला म्हणून घाबरणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा. अनेक फोनांत आता एका बॅटरीऐवजी दोन अर्ध्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात; त्यामुळे आतली उष्णता निम्मी होते असा समज आहे, पण गणित तसे नाही, कारण प्रत्येक अर्ध्या बॅटरीचा रोध दुप्पट होतो. खरा फायदा तारा, जोडण्या आणि सर्किट यांना होतो, कारण त्यांच्यातून निम्माच प्रवाह जातो. पेशीची (सेलची) स्वतःची उष्णता कमी करायची तर आतले थर पातळ करावे लागतात व जोडण्या वाढवाव्या लागतात, आणि तसे केले की तेवढ्याच जागेत ऊर्जा थोडी कमी मावते.

उष्णतेपेक्षाही सूक्ष्म असा एक धोका आहे. ग्राफाइटच्या थरांत शिरून बसायला लिथियमच्या आयनाला काही अवधी लागतो. आयन शिरण्याच्या वेगापेक्षा येण्याचा वेग वाढला, तर ते आत न जाता पृष्ठभागावरच शुद्ध धातूच्या रूपात साचू लागतात. असा साचलेला लिथियम काही अंशी कायमचा वाया जातो, म्हणजे बॅटरीची क्षमता घटते. आणि तो सुईसारखा वाढत गेला तर सेपरेटर भेदून दोन टोके आतल्या आत जोडू शकतो. रासायनिक कारखान्यातील सुरक्षा अधिकारी ज्याला ‘अॅक्युम्युलेशन’ म्हणतात त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. रिअॅक्टर फार थंड असताना माल सोडत राहिले तर अभिक्रिया होतच नाही, तापमान वाढलेले दिसत नाही, ऑपरेटरला सगळे शांत वाटते, आणि न खपलेला माल आत साचत जाऊन पुढे एकदम भडकतो. लिथियमचेही तसेच आहे: थंडीत आयन आत शिरण्याची गती मंदावते, म्हणून शून्य अंशाखाली वेगाने चार्ज करणे बॅटरीला सर्वांत घातक. लडाखच्या सहलीला गेलेल्या रोहेकराने तंबूत गारठलेला फोन आधी अंगाशी धरून ऊबदार करावा आणि मग चार्जरला लावावा, हे त्यातून निघते. कोकणात या बाजूची भीती नाही.

कोकणात भीती आहे ती उलट्या बाजूची. मार्च २०१७ च्या अखेरीस भिऱ्याला ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेल्याची बातमी देशभर गाजली होती, आणि रोहा-कोलाड भागातल्या उन्हाळ्याची ज्याला सवय आहे त्याला ती फारशी अद्भुत वाटली नसेल. फोनचे अनेक उत्पादक वापरासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगतात. दुचाकीच्या डिकीत किंवा कंपनीच्या वाहनतळावर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन चार्जिंग सुरू होण्याआधीच ही मर्यादा ओलांडून बसलेला असतो. रासायनिक अभिक्रियांची गती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, हा विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा ढोबळ नियम बॅटरीतल्या नकोशा अभिक्रियांनाही लागू पडतो, त्यामुळे तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. चांगल्या फोनमध्ये तापमान मोजणारा संवेदक असतो आणि बॅटरी तापली की फोन स्वतःहून वेग कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. उन्हाळ्यात ‘फास्ट चार्जिंग नीट होत नाही’ अशी तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्या ग्राहकाचा फोन पुष्कळदा बिघडलेला नसतो, आपले काम चोख करत असतो.

बॅटरी पेट घेते कशी, याचा क्रम आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. ग्राफाइटवर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक पातळ संरक्षक थर तयार होतो. काही कारणाने आतले तापमान सुमारे ८० ते १२० अंशांच्या दरम्यान गेले तर तो थर विघटित होऊ लागतो आणि त्यातून उष्णता निघते. त्या उष्णतेने तापमान आणखी चढते, सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा सेपरेटर वितळतो, दोन टोके एकमेकांना भिडतात, आणि २०० अंशांच्या आसपास कोबाल्ट ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागला की ज्वालाग्राही द्रावकाला जळण्यासाठी बाहेरच्या हवेचीही फारशी गरज राहत नाही. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात, म्हणजे उष्णतेने उष्णता वाढवत हाताबाहेर गेलेली अभिक्रिया. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेमेनोव्ह, ज्यांना १९५६ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलात वाटा मिळाला, यांनी १९२८ च्या सुमारासच याचे गणित मांडले होते: तापमानाबरोबर उष्णतेची निर्मिती झपाट्याने, घातांकी गतीने वाढते, तर ती बाहेर जाण्याचा वेग सरळ रेषेत वाढतो, आणि पहिली रेषा दुसरीच्या वर गेली की परत येण्याची वाट उरत नाही. भोपाळमध्ये १९८४ साली टाकीत पाणी शिरून जे घडले तेही हाताबाहेर गेलेल्या उष्मादायी अभिक्रियेचेच उदाहरण होते. फोनच्या बॅटरीशी त्या संहाराची बरोबरी करणे अर्थातच गैर ठरेल. साम्य आहे ते फक्त तत्त्वापुरते.

नेमका मुद्दा असा की, वेगवान चार्जिंगने होणारी तापवाढ बॅटरी पेटण्याच्या ८० अंशांच्या पहिल्या पायरीच्या खूप खाली, साधारण चाळीस अंशांच्या आसपास, नियंत्रित होते. ८० अंशांपर्यंत जायला दुसरेच काही बिघडावे लागते. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन २०१६ मध्ये पेटू लागला, जगभरातून परत घेतला गेला आणि भारतातही विमानात त्याच्या वापरावर बंदी आली, तेव्हा पहिला संशय चार्जिंगच्या वेगावरही गेला होता. पण जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासात दोष पेशीतच निघाला. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातली टोकाची पट्टी दुमडली जात होती, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार अवशेष सेपरेटर भेदत होते. २६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेवरच्या स्कूटरने पेट घेतल्याचे चित्रीकरण महाराष्ट्रभर पाहिले गेले. तशा घटनांच्या मालिकेनंतर केंद्र सरकारने तपास संरक्षण संशोधन संस्थेच्या अग्निसुरक्षा केंद्राकडे सोपवला आणि वाहनांच्या बॅटरीचे मानक डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. नव्या नियमांचा भर पेशींचा दर्जा, नियंत्रक सर्किट आणि एका पेशीची आग दुसरीकडे पसरू न देणे यांवर आहे.

त्यामुळे सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न चार्जर किती वॅटचा आहे यापेक्षा तो कोणी बनवला आहे, हा होतो. फोन आणि चार्जर एकमेकांशी तारेतून बोलतात. फोन मागतो तेवढेच चार्जर देतो, त्यामुळे ६५ वॅटचा अस्सल चार्जर १० वॅटच्या फोनला लावला तरी काही बिघडत नाही. बिघडते ते या संभाषणात खोटे बोलणाऱ्या, आतले विद्युतरोधन कमी जाडीचे असलेल्या आणि २३० व्होल्टचा घरगुती प्रवाह फोनपासून नीट अलग न ठेवणाऱ्या नकली चार्जरने. पर्यावरणाचे कारण देत फोनच्या डब्यातून चार्जर नाहीसा होऊ लागल्यापासून अशा मालाला बाजारपेठेत गिऱ्हाईक वाढले आहे, हे कंपन्यांच्या पर्यावरणप्रेमाचे एक दुर्लक्षित फळ आहे. भारतात मोबाइल, त्यांचे चार्जर आणि लिथियम पेशी यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. पेशींसाठीचे मानक आयएस १६०४६ आहे, आणि अस्सल वस्तूवर मानकाच्या क्रमांकाखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक छापलेला असतो, जो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर टाकून तपासता येतो. तारेलाही मर्यादा आहे: टाइप-सी तारेतून ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह न्यायचा तर तिच्यात स्वतःची क्षमता सांगणारी चिप असावी लागते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी वाढते. कोकणातल्या दमट हवेत चार्जिंगच्या छिद्रातली धातूची टोके गंजतात, गंजलेल्या जोडणीचा रोध वाढतो आणि तेवढीच एक जागा तापू लागते. मोठ्या प्रवाहात हा दोष ठळक होतो. खिशात भिजलेला फोन ‘ओलावा आढळला’ असा इशारा देत असेल तर तो दुर्लक्षून वारंवार तार खोचणे, हा वेगवान चार्जिंगचा सर्वांत वाईट वापर म्हणता येईल.

आयुष्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण पेटणे आणि झिजणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि लोकचर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. शून्यापासून शंभरपर्यंतचा एक पूर्ण भरणा म्हणजे एक चक्र. अॅपलने आपल्या जुन्या फोनांसाठी ५०० चक्रांनंतर आणि आयफोन १५ पासून १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असे सांगितले आहे, ओप्पोने आपल्या वेगवान चार्जिंगच्या बॅटऱ्यांसाठी १६०० चक्रांचा दावा केला आहे, आणि युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून किमान ८०० चक्रांची अट घातली आहे. कंपन्यांचे दावे त्यांच्याच प्रयोगशाळेतले असतात हे गृहीत धरूनही एवढे म्हणता येते की वेगवान चार्जिंगने होणारी अधिकची झीज, तापमान आटोक्यात असेल तर, फोन बदलण्याच्या नेहमीच्या मुदतीत जाणवण्याइतकी क्वचितच असते. रात्रभर उशीखाली, जाड कव्हरमध्ये, शंभर टक्क्यांवर तापत पडलेला फोन संथ चार्जरवरही अधिक झिजतो, कारण भरलेल्या बॅटरीचा उंच दाब आणि उष्णता हे दोन्ही एकाच वेळी तिच्यावर काम करत असतात. आता अनेक फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. तिचा वापर करणे हा वॅटच्या आकड्याची चिंता करण्यापेक्षा अधिक फलदायी उपाय आहे. आणि वेगाचे मोल कधीकधी झिजेहून खूप मोठे असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कोणाच्या जनरेटरवर मिळालेल्या वीस मिनिटांत निम्मी बॅटरी भरणे म्हणजे मुंबईतल्या नातेवाइकांना खुशाली कळवता येणे, आणि तेथे आयुष्याच्या चक्रांचा हिशेब कोणी करत नाही.

फुगलेली बॅटरी मात्र वेगळ्या वर्गात मोडते. आतल्या नकोशा अभिक्रियांतून निघालेल्या वायूने तिचे पाकीट फुगते, फोनची पाठ उचलली जाते, आणि तेव्हापासून ती संथ वा वेगवान, कोणत्याच चार्जरला लावू नये, टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. बॅटरीने पेट घेतलाच तर वीज तोडून ती भरपूर पाण्याने थंड करावी, या सल्ल्याला धाटावसारख्या ठिकाणी हमखास हरकत घेतली जाते, कारण सोडियमसारख्या धातूवर पाणी टाकू नये हे तेथील कामगाराच्या अंगवळणी पडलेले असते आणि लिथियम त्याच कुळातला आहे. पण लिथियम-आयन बॅटरीत शुद्ध धातूरूप लिथियम जवळजवळ नसतो, तो संयुगांत व आयनांच्या रूपात असतो. आग विझवण्यापेक्षा तापमान धोक्याच्या पायरीखाली आणणे तेथे महत्त्वाचे असते आणि ते काम पाणीच सर्वांत चांगले करते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात, म्हणून दारे-खिडक्या उघडून माणसांनी आधी बाहेर पडावे.

ज्वालाग्राही वाफा असू शकतील अशा प्लांटच्या भागांत साधा मोबाइल नेऊ देत नाहीत. तेथे चालणारे खास फोन ‘इंट्रिन्सिकली सेफ’ असतात, म्हणजे त्यांच्यातली विद्युत ऊर्जा इतकी मर्यादित ठेवलेली असते की ठिणगी पडली तरी वाफ पेटू नये, आणि भारतात अशा उपकरणांना मान्यता देण्याचे काम नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना करते. पण इतकी खबरदारी घेऊन बनवलेला तो फोनसुद्धा चार्ज करायचा तर धोक्याच्या क्षेत्राबाहेर, सुरक्षित खोलीत नेऊनच करावा लागतो.